हरिश्चंद्रगडावर जिओकॅशचा डबा लपवावा का?

डोंगरखुळा (शनिवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात सुट्टीवर पुण्यात येतोय. हरिश्चंद्रगड ठरलेला आहे, पाचनईकडून वर आणि जमलं तर तोलार खिंडीतून खाली. या खेपेला डोक्यात एक जादा खूळ आहे, त्यासाठी हा धागा.

कोलोरॅडोत आल्यापासून मला जिओकॅशिंगचा नाद लागलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी पाणी न शिरणारा एक डबा लपवतो, आत वही-पेन्सिल ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. आत बारीकसारीक चिजा असतात. एक घेतली तर त्याच तोलाची दुसरी ठेवायची. शोधायला किती अवघड आणि वाट किती बिकट, यांना १ ते ५ असे वेगवेगळे गुण असतात. वाटेचे ५ म्हणजे दोर किंवा असलंच काही सामान लागणार.

याची सुरुवातही मजेशीर आहे. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकी लष्करानं मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० ला काढली. शंभर मीटरपर्यंत हुकणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थानं ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत सॉफ्टवेअर, पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. काही दिवसांत ती लोकांना सापडलीसुद्धा.

तर प्रश्न असा. कोकणकड्याच्या अलीकडे, पायवाटेपासून थोडा बाजूला, एखाद्या कपारीत असा डबा ठेवावा का? जागा सुचवा. आणि पावसाळ्यात त्याचं काय होईल?

खवट_काकू (रात्री १०:३१)

म्हणजे डबा लपवायचा आणि जगाला सांगायचं, शोधा. आमच्याकडे 'ह्यां'चा चष्मा रोज सकाळी असाच शोधला जातो, फक्त आकडे कुणी देत नाही.

कातळकोर (रात्री १०:४०)

भारी कल्पना! जागा नळीच्या वाटेत बघ. बेलपाड्यातून चढून येणाऱ्यालाच मिळेल, म्हणजे कड्यावर भजी खायला आलेल्यांच्या हाती लागायचा नाही. वाटेला ५ पैकी ५ गुण आपोआप.

अक्षांश७४ (रात्री १०:५८)

@कातळकोर, नळीत जीपीएसवर भरवसा कसा ठेवणार? दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर आकाशाची पट्टी तेवढी. उपग्रह दिसतात थोडे आणि त्यांचा सिग्नलही कड्यावर आपटून येतो, त्यामुळे बिंदू इकडून तिकडे उड्या मारतो. हल्लीचे फोन जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि काही फोन आपलं नाविकही घेतात, त्यानं पुष्कळ सुधारतं. तरी अशा ठिकाणी डब्याचे आकडे पाच-दहा मिनिटं थांबून, सरासरी काढून घ्यायला हवेत. नाहीतर मागून येणारा माणूस नाळेच्या भलत्या भिंतीला हात लावत बसायचा, आणि ती भिंत हात लावत बसण्यासारखी नाही.

भटक्या_जुना (रात्री ११:२०)

मला हे पटलेलं नाही. स्पष्टच लिहितो.

गडावर काही लपवून ठेवलंय ही बातमी फुटायचा अवकाश, काय होतं ते आम्ही पाहिलंय. गुप्तधनाच्या नादानं आपल्या गडांवर रात्रीतून खड्डे पडतात. टाक्यांचे तळ उकरतात, देवळातल्या फरश्या उचलतात, तोफगोळे पळवतात. तुमच्या संकेतस्थळावरच्या सभ्य माणसांबद्दल मी बोलत नाहीये. त्यांच्याकडून ऐकून तिसऱ्या माणसाला 'गडावर डबा पुरलाय' एवढंच कळेल, तो पहार घेऊन येईल.

दुसरं म्हणजे गडावरून प्लॅस्टिकच्या गोण्या खाली आणण्यात आमचे शनिवार-रविवार जातात. तिथं तुम्ही आणखी एक प्लॅस्टिकचा डबा वर नेऊन ठेवणार, आणि तो आम्हालाच सापडणार. आम्ही त्यात नाव लिहिणार नाही, गोणीत टाकू.

डोंगरखुळा (रात्री ११:४४)

जुने, तुमचं म्हणणं डोक्यात घेतलं. दोन खुलासे. पुरायचा नसतो, जागेच्या मालकानं स्पष्ट संमती दिल्याशिवाय जमीन उकरावी लागेल असा डबा संकेतस्थळ मंजूर करत नाही. वास्तूच्या चिऱ्यांमध्ये, टाक्यात, देवळात ठेवायचा तर विचारही नाही. मी मोकळ्या रानातल्या कपारीबद्दल बोलतोय.

सह्यधार (रविवार, सकाळी ७:१५)

मोकळं रान असं तिथं काही नाही हो. हरिश्चंद्रगड १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. कपारही वनखात्याची आणि तिच्यातली पालही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो वाचा. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात वस्तू ठेवून येणं आणि ती जागा जगाला कळवून लोकांना वाट सोडून आत बोलावणं, हे कुठल्या अधिकाऱ्याला पटेल?

माझा खरा आक्षेप त्या 'वाट सोडून' याला आहे. कपाऱ्या धुंडाळायला लागलेला माणूस दगड उलटवतो. दगडाखाली विंचू, साप, बेडूक, सरडे राहतात. कासच्या पठारावर माणसांच्या पायांनी काय झालं ते पाहिलंच आहे. गडाच्या सड्यावरही, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, तशीच नाजूक झुडपं आणि फुलं आहेत, फक्त तिकिटाची खिडकी नाही.

कातळकोर (सकाळी ७:५०)

सह्यधार, मान्य. पण सुट्टीच्या रात्री कड्यावर किती तंबू असतात ते मोजा आधी. एका डब्यानं काय आभाळ कोसळणार आहे?

सह्यधार (सकाळी ८:०२)

तंबूवाल्यांशीही माझं भांडण आहेच. एका वेळी एकच आघाडी उघडतोय.

खवट_काकू (सकाळी ८:०५)

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. चहा नंतर.

मूरलँडची_मालू (दुपारी २:१८)

मी डेव्हनमध्ये राहते, त्यामुळे राहवत नाही. हा खेळ जीपीएसच्या कितीतरी आधीचा आहे. आमच्या इथल्या डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल म्हणून एक आडजागा आहे. नावात पूल असलं तरी हल्ली तिथं दलदल आणि गवतच आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं तिथं एक बाटली ठेवली. जो कुणी तिथवर चालत पोचेल त्यानं आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक पत्रं ठेवायला लागले, पुढचा माणूस ती नेऊन पोस्टात टाकायचा. त्यातूनच लेटरबॉक्सिंग हा छंद झाला. आज माळावर असे कितीतरी डबे आहेत, प्रत्येकात एक रबरी शिक्का असतो. तो आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला त्यांच्या वहीत.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. इथंही वाद झाले होते. लोक डब्यासाठी जुन्या दगडी रचना हलवायला लागले, तेव्हा आचारसंहिता आली. प्राचीन अवशेषात डबा नको, भिंतीत नको, कुठलाही दगड हलवायला लागू नये. ती पाळतात म्हणून हे चाललंय. तुम्ही आधी नियम ठरवा, डबा मागाहून.

डोंगरखुळा (सायंकाळी ६:३०, पुण्याच्या घड्याळानं)

मालूताई, ही माहिती फार आवडली. इथं कोलोरॅडोत चौदा हजार फुटांवरच्या शिखरांवर कोलोरॅडो माउंटन क्लबनं प्लॅस्टिकच्या नळीत कागदाची गुंडाळी ठेवण्याची चाल पाडली होती. वर पोचणारा नाव लिहितो. माझ्या डोक्यात हे आलं ते तिथूनच. थंडीनं आखडलेल्या बोटांनी लिहिलेली अनोळखी नावं वाचायला मजा येते.

रेनियरची_सून (सायंकाळी ७:०९)

@डोंगरखुळा, दादा, तुम्ही खेळाडू आहात तर दोन नियम तुम्हाला माहीत असणारच. मग धाग्यात ते का नाहीत?

एक, अमेरिकेतल्याच बहुतेक नॅशनल पार्कमध्ये असा डबा ठेवायला बंदी आहे, उद्यानानं खास परवानगी दिली तरच. मी वॉशिंग्टन राज्यात राहते. इथल्या माउंट रेनियर नॅशनल पार्कात तुम्ही जे करू शकत नाही ते अकोले तालुक्यात करायला निघालात.

दोन, सुट्टीत गेलो, डबा ठेवला, परत आलो, असा डबा मंजूर होत नाही. ठेवणाऱ्यानं त्याची देखभाल करायची असते. वही भिजली, झाकण तुटलं, कुणी 'सापडला नाही' असं लिहिलं की जाऊन बघायचं. कोलोरॅडोहून पाचनईला कसे जाणार, दर महिन्याला?

कातळकोर (सायंकाळी ७:१५)

ताईंनी धागाकर्त्याला चितपट केलंय.

डोंगरखुळा (सायंकाळी ७:४०)

चितपट कसला, दुसऱ्या नियमासाठीच तर इथं आलोय! गडावर नेहमी जाणारं कुणीतरी इथं भेटेल आणि डबा सांभाळायला तयार होईल असं वाटलं. नॅशनल पार्कचं मात्र बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

पाचनईचा_पोरगा (रात्री ९:२२)

नमस्कार. मी पाचनईचाच. आमच्या घरी ट्रेकर लोक जेवायला-राहायला असतात. धागा मित्रानं पाठवला, सगळा वाचला.

तुम्ही सगळे डब्यावर भांडताय, पण माकडांचं कोणी बोलतच नाही. वरची माकडं बॅगेची चेन उघडतात दादा. पिशवीचा नुसता आवाज झाला तरी येतात. झाकणाचा डबा त्यांना काही अवघड नाही. पहिलं नाव वहीत त्यांचंच लागेल.

पावसाचं सांगतो. जूनपासून चार महिने वर ढगच असतो. कपारीत पाणी वरून पडत नाही, आतून झिरपतं. घरातली पीठं-मिरच्या आम्ही किती बंदोबस्तात ठेवतो ते आमच्या आईला विचारा. तुमची वही श्रावणात लगदा झालेली असेल.

आणि केदारेश्वराच्या गुहेत किंवा मंदिराच्या आवारात कोणी काही ठेवू नका, ही विनंती. गावाला आवडणार नाही.

डबा ठेवायचाच असला तर आमच्या ओट्यावर ठेवा. मी बघीन. ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, चहा प्यावा, मग वर जावं.

खवट_काकू (रात्री ९:३०)

संपूर्ण धाग्यातला पहिला व्यवहारी माणूस. आईंना नमस्कार सांगा.

भटक्या_जुना (रात्री ९:४१)

याला माझी हरकत नाही.

रेनियरची_सून (रात्री १०:०३)

कल्पना गोड आहे, पण इथंही एक नियम आडवा येतो. जाहिरात वाटेल असा डबा चालत नाही. खेळणाऱ्याला दुकानात किंवा हॉटेलात जावं लागता कामा नये, विकत काही घ्यावं लागता कामा नये. म्हणून डबा घराबाहेर ठेवायचा आणि पानावर 'इथं उत्तम पिठलं-भाकरी मिळते' असं लिहायचं नाही.

पाचनईचा_पोरगा (रात्री १०:१०)

लिहू नका. वास येतोच.

अक्षांश७४ (रात्री ११:१५)

थोडं अवांतर, पण आकड्यांशी खेळणाऱ्यांना आवडेल.

कुणी जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढून जीपीएसमध्ये भरले तर जागा शंभरेक मीटर हुकते. यंत्र खराब नसतं. ते नकाशे एव्हरेस्ट नावाच्या जुन्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिरूपावर) बेतलेले आहेत, सर जॉर्ज एव्हरेस्टवरून, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या नव्या प्रतिरूपावर. २००५ च्या नकाशा धोरणानंतर जनतेसाठी जे नवे नकाशे आले ते डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत. पण ट्रेकर मंडळींकडे अजून जुन्या झेरॉक्सच फिरतात. सपाटीवर शंभर मीटरनं बिघडत नाही, कड्यापाशी शंभर मीटर म्हणजे थेट कोकण.

डबा न ठेवता आकड्यांचा खेळ खेळायचा असेल तर आणखी एक आहे: अक्षांश आणि रेखांश दोन्ही पूर्णांक असतील अशा बिंदूवर जाऊन फोटो काढायचे. १९९६ पासून जगभरचे लोक हे करताहेत. १९ उत्तर ७४ पूर्व हा बिंदू आपल्या मंचरच्या पूर्वेला येतो. नारायणगावला मिसळ खायला जाताना वाकडी वाट करून होण्यासारखं आहे.

कातळकोर (रात्री ११:२३)

तुझ्या आयडीतला ७४ आज कळला.

वरिष्ठ_शंकासुर (सोमवार, सकाळी ९:५०)

बेवारस डबा दिसला तर पोलिसांना कळवा, असं आपल्याकडे प्रत्येक स्टेशनात ऐकवतात आणि तुम्ही बेवारस डबे ठेवायला निघालात. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कुणीतरी खाली वाकून काहीतरी ठेवतोय असं दिसलं, बॉम्बशोधक पथक आलं आणि तो डबा स्फोट करून उडवला. जिओकॅश होता. गडावर पथक यायला वेळ लागेल एवढाच फरक.

आणि धागाकर्त्यास एक प्रामाणिक सूचना: उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, जे तिकडचे गिर्यारोहक सर्रास कमरेला लावतात, ते घेऊन येऊ नका. आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशी पर्यटकांना गोव्यात आणि दिल्लीत विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. नुसता फोनचा जीपीएस चालतो.

डोंगरखुळा (सकाळी १०:१५)

धन्यवाद, हे खरंच डोक्यात नव्हतं. यंत्र इथंच राहील.

भूगर्भी (सोमवार, रात्री ८:३०)

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले आणि नवल वाटलं की कुणी अर्थकॅशचं नाव घेतलं नाही.

जिओकॅशिंगमध्येच एक प्रकार आहे ज्यात डबाच नसतो. २००४ साली अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेबरोबर तो सुरू झाला. जागा भूशास्त्राच्या दृष्टीनं शिकण्यासारखी हवी. तुम्ही तिथली माहिती लिहायची आणि प्रश्न विचारायचे. प्रश्न असे, की तिथं उभं राहून डोळ्यांनी बघितल्याशिवाय उत्तर देता येऊ नये. खेळणारा जातो, बघतो, उत्तर तुम्हाला पाठवतो, आपली भेट नोंदवतो. मागे काही ठेवायचं नाही, तिथून काही उचलायचं नाही. मजकूर आणि प्रश्न स्थानिक भाषेत मागतात, म्हणजे मराठीत लिहायचं, जोडीला इंग्रजी.

कोकणकड्यासारखी जागा यासाठी शोधून सापडायची नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरत गेला, त्याचा हा चिरलेला काप. समोरच्या डोंगरांकडे पाहिलं की आडव्या पायऱ्या दिसतात. एकेका पायरीचं नातं एकेका प्रवाहाशी किंवा प्रवाहांच्या जुडीशी असतं. प्रवाहाचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो म्हणून लवकर झिजतो, मधला गाभा घट्ट असतो म्हणून तो उभा राहतो. बुडबुड्यांच्या जागी पुढे पाण्यातून खनिजं बसली: झिओलाइट, क्वार्ट्झ, कॅल्साइट. गडावर चालताना काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात ते हेच. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी रंगाचा पट्टा असतो, त्याला बोल म्हणतात. एक प्रवाह थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस होऊन माती होऊ लागली, मग पुढचा लाव्हा आला, त्याची ती खूण.

मंचरचं नाव वर निघालंच आहे म्हणून सांगतो. या भागातल्या लाव्हाच्या काही प्रवाहांमध्ये प्लॅजिओक्लेज या खनिजाचे बोटाच्या पेराएवढाले स्फटिक असतात. त्यातल्या एका प्रवाहाला भूशास्त्रात मंचरचंच नाव आहे. तेव्हा पूर्णांक गाठायला जाणाऱ्यांनी खाली दगडाकडेही बघावं.

सह्यधार (रात्री ८:४८)

याला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त वनखात्याला एक पत्र तरीही द्या. डबा नसला तरी लोकांना बोलावताय.

कातळकोर (रात्री ९:००)

माझं मत वेगळं. हा तर सहावीच्या भूगोलाचा पेपर झाला. हात घालून डबा बाहेर काढण्यात जी गंमत आहे ती उत्तरपत्रिका पाठवण्यात कुठून येणार? वहीत आपल्या आधी कोण आलं ते वाचायचं असतं राव.

मूरलँडची_मालू (रात्री ९:२५)

कातळकोर, तुमचं दुःख समजतं. मग वही ओट्यावर आणि प्रश्न कड्यावर. दोन वेगळे कॅश. दोन कॅशमध्ये १६१ मीटर अंतर हवं असा जो नियम आहे तो डब्याडब्यांपुरता, इथं तर डबा एकच आहे, आणि गाव-कडा म्हणजे दीड-दोन तासांची चाल.

ढगातला (रात्री ९:५०)

कोकणकड्याचा धागा आणि इंद्रवज्राचा उल्लेख नाही? निषेध! कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला तिथं ते दिसल्याची १८३५ सालची नोंद आहे. पाठीमागून कोवळं ऊन, समोर दरीत धुकं, आणि त्यावर गोल इंद्रधनुष्याच्या मधोमध आपलीच सावली. एक प्रश्न याच्यावर ठेवा.

भूगर्भी (रात्री १०:०५)

इंद्रवज्र हवेतलं, आपल्याला दगडातलं हवं. शिवाय कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळीच आणि दरी धुक्यानं भरलेली असेल तरच. बिचारा माणूस उत्तरासाठी किती सकाळी थांबणार?

ढगातला (रात्री १०:०७)

आम्ही थांबतो.

डोंगरखुळा (मंगळवार, सकाळी ८:२०)

रात्रभर विचार केला. कपारीतला डबा रद्द. अर्थकॅश करतो, वनखात्याला पत्र देतो, आणि पोरग्याच्या ओट्यावर वही, त्याची तयारी असेल तर त्याच्याच खात्यावर. प्रश्नांचा कच्चा खर्डा:

कड्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली बघा. कातळ आत वळलेला दिसतो का? कुठल्या पातळीपासून?

डावीकडच्या डोंगरात किती पायऱ्या मोजता येतात?

पायाखालच्या दगडातले पांढरे ठिपके किती मोठे आहेत? सर्वत्र सारखे आहेत की पट्ट्यांत?

सह्यधार (सकाळी ८:३१)

पहिला प्रश्न काढा. आत्ताच्या आत्ता.

भूगर्भी (सकाळी ८:४५)

+१. लोक तिथं पालथे पडून बघतात हे खरं, पण नियमांच्या पानावर तसं करायला सांगायचं नाही. कुणी एकटा येईल, ओल्या गवतावर येईल, वाऱ्यात येईल. हा खेळ माणसांना अवघड जागी नेतो आणि तिथं पाऊस गाठतो, हे झालेलं आहे. २०१८ मध्ये प्रागमध्ये जमिनीखालच्या नाल्यात कॅश शोधायला उतरलेली माणसं अचानक आलेल्या पाण्यात दगावली. कड्याची अंतर्वक्रता बाजूला, काठापासून चांगलं मागे उभं राहूनही दिसते. तिथले आकडे द्या, टोकाचे नकोत. आणि जून ते सप्टेंबर भेट देऊ नये, हे पहिल्या ओळीत लिहा.

दुसरा प्रश्न छान आहे. तिसऱ्यात 'दगड फोडू नका, खरवडू नका' जोडा. लोक ठिपका मोजायला हातोडी काढतात.

डोंगरखुळा (सकाळी ९:०२)

काढला. नवा पहिला प्रश्न: काठापासून मागे राहून उजव्या हाताचा कडा बघा. त्याचा मधला भाग माथ्यापेक्षा आत गेलाय की बाहेर आलाय, आणि तुमच्या मते का?

भटक्या_जुना (सकाळी ९:४०)

'तुमच्या मते का' हे आवडलं. यातून चार पोरं दगडाकडे बघायला लागली तरी पुष्कळ. पत्राचा मसुदा मला पाठवा, राजूरला वनखात्यात आमची ओळख आहे. नाही म्हणाले तर मात्र नाही, हे आत्ताच मनाशी धरून चला.

डोंगरखुळा (सकाळी ९:४४)

धरलं. नाही म्हणाले तर नुसती वही.

खवट_काकू (सकाळी १०:१०)

वहीची पानं आखीव घ्या. कोऱ्या वहीवर ट्रेकर मंडळी बदाम काढतात, बाण घालून.

पाचनईचा_पोरगा (दुपारी १:३०)

माझी तयारी आहे. खातं कसं काढायचं ते फोनवर सांगा, पण संध्याकाळी करा, दुपारी रेंज घराच्या मागं जाऊन धरावी लागते. डबा पत्र्याचा नको, गंजतो. बरणी आणा फिरकीच्या झाकणाची, आणि दोन पेन्सिली जादा. पेन आणू नका, थंडीत चालत नाही आणि पोरं शाळेत घेऊन जातात.

आणि कुलूप लावायचं कोणाच्या डोक्यात असेल तर लावू नका. किल्ली हरवली की तेवढ्यासाठी राजूरला जावं लागेल.